पत्रं तारखेनं लावावीत, निवडून नव्हे

गेल्या दिवाळीत पाडव्याला न्यू जर्सीहून पुतण्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "काका, बाबांची जुनी ईमेल्स तुमच्याकडे असतील ना? त्यांचं ते खातं कधीच बंद झालं, आमच्याकडे एकही पत्र राहिलं नाही. मुलं आता विचारतात आजोबा कसे होते म्हणून. जमलं तर पाठवा."

धाकटा भाऊ गेला २०१४ साली. त्याची पत्रं माझ्याकडे होती, पण कशी होती ते सांगायला हवं. तेव्हा आमच्याकडे विंडोज आणि आउटलुक एक्सप्रेस होतं. २००९ मध्ये संगणक मोडीत काढायची वेळ आली, तेव्हा पत्रं माउसने ओढून ओढून एका फोल्डरात टाकली आणि सीडीवर उतरवली. प्रत्येक पत्राची एक फाईल. एकूण १८४६ फायली. पुढे त्या सीडीवरून पेन ड्राइव्हवर आल्या आणि कपाटात बसल्या. माळ्यावरच्या ट्रंकेत जसे कागद असतात, तशाच. आहेत एवढं समाधान, बघत कुणीच नाही.

फोल्डर उघडला आणि डोक्याला हात लावला. सगळ्या फायलींची तारीख एकच, १२ मार्च २००९! म्हणजे ज्या दिवशी मी त्या ओढून काढल्या तो दिवस. १९९९ मधलं पहिलं पत्र आणि २००८ मधलं पत्र शेजारी शेजारी, एकाच तारखेचं. संगणकाच्या दृष्टीने फाईल त्या दिवशी जन्माला आली, त्याचं काही चुकलं नाही. पत्र कधी लिहिलं हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मी पुतण्याला कळवलं, की थोडा वेळ लागेल, आधी तारखेनं लावतो. तो हसला. "काका, कशाला एवढा त्रास? सगळी एका ठिकाणी टाकून द्या. हवं ते सर्च करून काढू." आणि घरात सौ.चं म्हणणं वेगळंच. "लावताय तर लावा, पण त्यातली ती भांडणाची तेवढी काढून टाका. पोरांना कशाला दाखवायची?" बहिणीलाही तेच वाटलं.

आज या दोन्ही म्हणण्यांबद्दलच लिहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. जपून ठेवलेली पत्रं तारखेच्या क्रमानं लावावीत, आणि द्यायची झाली तर क्रमातलं मधलं पान न फाडता द्यावीत. हे मत माझं आधीपासून होतं असं नाही. निम्मं काम होईपर्यंत मी सौ.च्याच बाजूचा होतो.

आता कामाकडे वळतो. माझा एक माजी विद्यार्थी संगणकातच नोकरी करतो. त्याने जुन्या लॅपटॉपवर उबुंटू घालून दिलं आणि म्हणाला, "सर, १८४६ फायली हातानं लावत बसू नका. शेल स्क्रिप्ट लिहू." मी मराठी घेतलेला बी.ए. माणूस. आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास-भूगोल शिकवला. त्यामुळे शेल म्हटल्यावर मला शिंपलाच आठवला. पण गोष्ट तशी सोपी निघाली. जी आज्ञा एका फाईलला द्यायची, तीच एका कागदावर लिहून ठेवायची आणि सांगायचं, बाबा रे, रांगेतल्या प्रत्येकाला हेच कर. शाळेतल्या शिपायाला वर्गावर्गात फिरवायची सूचनावही देतात, तसंच.

ईमेलच्या फाईलमध्ये मजकुराच्या आधी बऱ्याच ओळी असतात, त्यांना हेडर म्हणतात. एरवी त्या आपल्याला दिसत नाहीत. पाकिटावरचे शिक्के म्हणा ना. त्यात 'डेट' अशी एक ओळ असते, पाठवणाऱ्याच्या संगणकाने पत्र लिहिताना घातलेली. शिवाय वाटेतल्या प्रत्येक टपालघराने 'रिसीव्ह्ड' म्हणून आपापली वेळ घातलेली असते. स्क्रिप्टने करायचं एवढंच: प्रत्येक फाईल उघडायची, 'डेट'ची ओळ शोधायची, आणि त्या तारखेनं फाईलचं नाव बदलायचं.

ऐकायला एका ओळीचं काम. प्रत्यक्षात मला तीन आठवडे लागले, आणि या वयातही चार गोष्टी शिकलो. त्या कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

पहिली म्हणजे नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. आपण लिहितो दिवस-महिना-वर्ष. तसं नाव दिलं तर संगणक अक्षरं बघून रांग लावतो आणि १ फेब्रुवारी २००५ चं पत्र २ जानेवारी २००३ च्या आधी जाऊन बसतं. वर्ष आधी लिहिलं की अक्षरांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो.

दुसरी, 'डेट'ची ओळ फक्त हेडरमध्येच शोधायची, म्हणजे पहिली रिकामी ओळ येईपर्यंत. मी सुरुवातीला अख्खी फाईल शोधायला सांगितली. मग काय, लोकांनी पुढे ढकललेल्या पत्रांच्या पोटात आणखी दोन-दोन तारखा! एका पत्राला तीन वाढदिवस.

तिसरी चूक मला महागात पडणार होती. पहिल्या फेरीनंतर मोजलं तर फायली १८०९. सदतीस गायब! झालं असं होतं, की एकाच मिनिटातल्या दोन पत्रांना एकच नाव मिळालं आणि दुसरीनं पहिलीला गिळलं. नाव बदलायच्या आज्ञेला 'आधीचं असेल तर त्यावर लिहू नकोस' असं स्पष्ट सांगावं लागतं, आणि नावामागे एक क्रमांक जोडावा लागतो. मी काम प्रतीवर करत होतो, मूळ पेन ड्राइव्हला हात लावला नव्हता, म्हणून वाचलो. हे कृपा करून लक्षात ठेवा. मूळ कागदावर कधीही खोडाखोड करायची नाही.

आणि चौथी, फाईलच्या नावात मोकळी जागा असेल तर नावाला अवतरणचिन्हं हवीतच. नाहीतर 'आईची तब्येत' ही एक फाईल राहत नाही. संगणक 'आईची' नावाची एक आणि 'तब्येत' नावाची दुसरी शोधत बसतो आणि दोन्ही नाहीत म्हणून सांगतो. विरामचिन्हांचं महत्त्व मी मुलांना तीस वर्षं सांगितलं, ते संगणकाने मला एका मिनिटात पटवलं.

एक गंमतही झाली. तेरा पत्रं निघाली १ जानेवारी १९८० ची. तेव्हा आमच्याकडे साधा फोनसुद्धा नव्हता! मग आठवलं, २००१ मध्ये संगणकाच्या आतला सेल उतरला होता, आणि मशीन सुरू केलं की घड्याळ मागे जात होतं. ती तेरा पत्रं मजकूर वाचून हातानं जागेवर बसवली.

हे करताना मला राजवाडे आठवले. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला. वाईला मिळालेली, १७५० ते १७६१ या काळातली पत्रं त्यात आहेत. पेशवाईतल्या पत्रांवर पुष्कळदा चंद्र आणि मुसलमानी महिना असतो, वर्ष नसतंच. लिहिणाऱ्याला ते सांगायची गरज वाटली नाही, कारण वाचणाराही त्याच वर्षात जगत होता. ते वर्ष संपादकाने मजकुरावरून ठरवायचं. कुठली लढाई झालेली आहे, कोण हयात आहे, पाऊस पडतोय का. आणि ते चुकलं तर सगळा अर्थ फिरतो. लढाईच्या आधीचा सल्ला लढाईनंतरचा टोमणा होऊन बसतो. वर्गात हे मी शिकवत असे. आपल्याच घरच्या पत्रांना ते लागू होईल असं मात्र वाटलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. इथे नातेवाईक वाचतात हे मला ठाऊक आहे, आणि त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

२००२ च्या अखेरीस कोकणातलं घर विकण्यावरून आमच्यात बिनसलं. मी विकायच्या बाजूचा, तो थांबू या म्हणत होता. १५ जानेवारी २००३ ला सकाळी मी त्याला एक पत्र लिहिलं. अमेरिकेत बसून अंगणातल्या आंब्याच्या गोष्टी करणं सोपं आहे, गळकी कौलं दर वर्षी कोण शाकारतं ते एकदा येऊन बघ, असं त्यात होतं. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पुढे लिहिलं, आईच्या शेवटच्या दिवसांत तू कुठे होतास तेही आठव. शाळेला जायच्या घाईत पाठवून दिलं.

त्याच संध्याकाळी टेलिफोनवरून इंटरनेट जोडलं तर त्याचं पत्र आलेलं. तो रोमन लिपीत मराठी लिहायचा, पण वर तारीख घालायची शाळेतली सवय त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. वर १४ जानेवारी. विषय, तिळगूळ. "ती. दादा यांस, शि. सा. न. वि. वि. आज संक्रांत. इथे बर्फ आहे. वहिनीच्या गुळाच्या पोळीची आठवण आली. घराचं कधीतरी निवांत बोलू. घर राहील नाहीतर जाईल, आपण आहोत. तिळगूळ घे, गोड बोल."

वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा हिशेब सरळ होता. त्याने हे १४ ला लिहिलं, मी ते कडू पत्र १५ ला. म्हणजे त्याने तिळगूळ पाठवला तेव्हा बिचाऱ्याला माझ्या पत्राची कल्पनाच नव्हती. आता ते मिळेल, आणि मग खरं उत्तर येईल. मी त्या उत्तराची वाट बघत राहिलो. ते आलंच नाही. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी स्वतःहून काही लिहिलं नाही, कारण आता चेंडू त्याच्याकडे होता. पितृपक्षात वडिलांच्या श्राद्धाला शेवटी मीच फोन केला. बोललो, पुढेही बोलत राहिलो, घरही यथावकाश विकलं गेलं. पण त्या आठ महिन्यांचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. आणि तुम्हा सगळ्यांना मी इतकी वर्षं हेच सांगत आलो, की आमची पत्रं वाटेत एकमेकांना चुकली आणि माझं पत्र वाचल्यावर धाकटा आठ महिने गप्प बसला.

स्क्रिप्टने रांग लावली, तेव्हा माझं पत्र वर होतं आणि तिळगुळाचं खाली.

मला वाटलं पुन्हा काहीतरी चूक झाली. 'डेट' नावाचीच एक आज्ञा आहे. ती प्रत्येक तारीख १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजून देते. माझ्या पत्राचे सेकंद १०४२५९६०००. त्याच्या पत्राचे १०४२६००२००. फरक ४२०० सेकंदांचा, म्हणजे सत्तर मिनिटांचा. मग मूळ ओळी उघडून बघितल्या. माझी ओळ: बुधवार १५ जानेवारी, सकाळी ७ वाजून ३० मिनिटं, आणि पुढे अधिक ०५३०. त्याची: मंगळवार १४ जानेवारी, रात्री १० वाजून १० मिनिटं, पुढे वजा ०५००.

ते शेवटचे चार आकडे! आमची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं पूर्वेची, त्यांची ७५ अंश पश्चिमेची. अंतर साडेसत्तावन्न अधिक शंभर अंश. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सहाशे तीस मिनिटं. साडेदहा तास. हे गणित मी फळ्यावर किती वर्षं सोडवून दाखवलं असेल याचा हिशेब नाही. माझे सकाळचे साडेसात म्हणजे त्याच्याकडे आदल्या रात्रीचे नऊ. तिथे अजून संक्रांतच चालू होती. माझं पत्र त्याच्याकडे रात्री नऊला निघालं, आणि दहा वाजून दहा मिनिटांनी त्याने तिळगूळ पाठवला.

तरी मन मानेना. पत्र पोचलं म्हणजे वाचलंच असं कुठे आहे? पण हेडरमध्ये आणखी एक ओळ असते. प्रत्येक पत्राला स्वतःचा एक लांबलचक क्रमांक असतो, आणि एखाद्या पत्राला उत्तर द्यायची कळ दाबून लिहिलं, की 'इन-रिप्लाय-टू' या ओळीत मूळ पत्राचा क्रमांक आपोआप येतो. तिळगुळाच्या पत्रात ती ओळ होती, आणि तिच्यात माझ्या पत्राचा क्रमांक होता. अक्षर न् अक्षर जुळवून पाहिलं. त्याने माझंच पत्र समोर घेऊन, खालचा माझा मजकूर पुसून, विषय बदलून ते लिहिलं होतं.

म्हणजे मी ज्या उत्तराची आठ महिने वाट बघितली, ते मला त्याच संध्याकाळी मिळालेलं होतं. आणि उत्तराची वाट बघत होता तो. गप्प बसलो मी.

ती दुपार कशी गेली ते सांगत नाही. सौ.ला वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "भाऊजी तसेच होते." आणि कडू पत्रं काढून टाका हे त्यानंतर ती एकदाही म्हणाली नाही.

आता पुन्हा माझ्या मताकडे येतो. पुतण्या म्हणतो सर्च करू. सर्चचा मला राग नाही, रोज वापरतो. पण शोध लागतो तो आपण विचारलेल्या शब्दाचा. 'तिळगूळ' शोधलं असतं तर हे पत्र मिळालं असतं, नाही असं नाही. एक गोड सणाचं पत्र म्हणून मिळालं असतं. त्याच्या आधी काय होतं हे विचारायचं मला सुचलं नसतं, कारण ते मला माहीत आहे अशी माझी खात्री होती. आपल्याला जे पक्कं माहीत असतं ते आपण शोधत नाही. तारखेची रांग मात्र न विचारता दाखवते.

आणि निवडून द्या म्हणणाऱ्यांना माझं उत्तर असं. मी ते कडू पत्र काढून टाकलं असतं तर माझीच अब्रू राहिली असती, हे खरं. पण गेलं कुणाचं असतं? धाकट्याचं. त्याच्या नातवंडांना आजोबांचं एक साधं शुभेच्छापत्र मिळालं असतं, बर्फ आणि गुळाच्या पोळीचं. माणूस काय होता ते त्या पत्राच्या मजकुरात नाही. ते आहे माझ्या पत्रानंतर सत्तर मिनिटांनी लिहिलेलं असण्यात. माझा कडूपणा झाकला तर त्याचा गोडवाही झाकला जातो. हा अधिकार मला कुणी दिला?

याला एक मर्यादा मी घातली, तीही सांगतो. १८४६ पैकी आम्हा दोघांमधली ४१२ पत्रंच पुतण्याला पाठवली. बाकीच्यांनी विश्वासानं मला लिहिलेलं, त्यांच्या दुखण्याखुपण्याचं, देण्याघेण्याचं, ते माझ्याकडेच राहील. दुसऱ्याचं पत्र न देणं वेगळं आणि देताना मधलं काढून घेणं वेगळं. पहिल्याला मी संकोच म्हणेन, दुसऱ्याला हातचलाखी. पत्रांबरोबर पुतण्याला एक चिठ्ठी लिहिली. १५ जानेवारी २००३ चं माझं पत्र वाचशील तेव्हा राग येईल, यावा. पण त्याच्या पुढचं लगेच वाच, वेळ बघून वाच.

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. या वेळी मात्र मी वाट बघत बसणार नाही. रविवारी फोन करणार आहे. आपल्या सकाळी, म्हणजे त्यांच्या शनिवारी रात्री. मोजून ठेवलंय.

तुमच्याकडेही अशी पत्रं कुठे सीडीवर, पेन ड्राइव्हवर पडलेली असतील. प्रत काढा, मूळ बाजूला ठेवा, ओळखीतल्या एखाद्या पोराला धरा आणि तारखेनं लावून घ्या. वेळ लिहिताना पुढचे ते चार आकडे सोडू नका. काय सांगावं, तुम्ही ज्याची वाट बघताय ते आधीच येऊन पडलेलं असेल.

असो. नातेवाईक मंडळींना एवढंच, की आजवर सांगितलेली गोष्ट चुकीची होती. धाकटा गप्प बसला नव्हता.